ज्वरोत्तर पक्षाघात : वैद्याचे पहिले कर्तव्य

श्रावण-भाद्रपदात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कोणत्याही वैद्याच्या दवाखान्यात डोकावले, तर ताप, खोकला, अंगदुखी आणि घसा बसणे या चार तक्रारींनी बाक भरलेला दिसतो. यांतील बहुसंख्य रुग्ण विषाणुजन्य श्वसनविकाराचे असतात आणि लंघन, पेया, विश्रांती व थोडे औषध यांवर पाच-सात दिवसांत बरे होतात. त्यामुळे अशा ज्वराकडे आपण काहीसे निर्धास्तपणे पाहू लागलो आहोत. याच निर्धास्तपणाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. अशा ज्वरात आणि त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आता निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे. परंतु तो प्रसंग आला असता पहिल्या काही तासांत वैद्याने काय करावे आणि काय टाळावे, याविषयी आपल्यात अद्याप एकवाक्यता नाही. ती व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. सप्टेंबर २०२० मधील गोष्ट. कोरोनाची पहिली लाट ऐन भरात होती. काशेळे परिसरातील पन्नाशीचे एक शेतकरी कोविडबाधित म्हणून घरीच विलगीकरणात होते आणि माझे औषध घेत होते. सहा दिवस ज्वर होता. सातव्या दिवशी तो उतरला. आठव्या दिवशी सायंकाळी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. ‘बाबांच्या हातातून पेला सुटतोय, हाताला जोर नाही,’ असे तो म्हणाला. ‘बोलतात ना नीट?’ मी विचारले. ‘बोलतात, पण कंटाळल्यासारखं,’ तो म्हणाला. मी हे ज्वरोत्तर दौर्बल्य समजलो. मुगाचे कढण द्या, झोपू द्या, सकाळी कळवा, असे सांगून दूरध्वनी ठेवला. सकाळी तोंड वाकडे झालेले होते आणि उजवा हात-पाय पूर्णपणे लुळा पडला होता. योग्य रुग्णालयात ते पोहोचले, तेव्हा पहिल्या लक्षणापासून चौदा तास उलटून गेले होते. जीव वाचला, हात मात्र परत आला नाही. आजही लावणीच्या दिवसांत ते बांधावर बसून मुलाला काम सांगतात.

‘कंटाळल्यासारखं’ हा शब्द मी तेव्हा ऐकला, पण त्याचा अर्थ लावला नाही. जीभ जड होऊन बोलणे अडखळू लागले, म्हणजे घरातील माणसे त्याचे वर्णन अशाच साध्या शब्दांत करतात. ते ओळखणे माझे काम होते.

आकडे काय सांगतात?

हा धोका कोविडमुळे नव्याने निर्माण झालेला नाही. ब्रिटनमधील सर्वसाधारण दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका एरवीच्या तिपटीहून किंचित अधिक असतो आणि पुढील काही आठवड्यांत तो हळूहळू ओसरतो, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात इन्फ्लुएंझा, न्यूमोकोकस किंवा धनुर्वात यांच्या लसीनंतर मात्र असा धोका वाढलेला दिसला नाही. लसीविषयी रुग्ण जेव्हा शंका विचारतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.

कोविडच्या काळात हे चित्र अधिक ठळक झाले. न्यूयॉर्कमधील दोन रुग्णालयांत २०२० च्या मार्च ते मे या काळात आलेल्या १,९१६ कोविड रुग्णांपैकी ३१ जणांना, म्हणजे सुमारे १.६ टक्के रुग्णांना, मेंदूचा रक्तपुरवठा बंद होऊन पक्षाघात झाला. त्याआधीच्या वर्षांतील १,४८६ इन्फ्लुएंझा रुग्णांत अशी संख्या केवळ ३ होती. स्वीडनमध्ये ८६,७४२ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, पहिल्या आठवड्यात हा धोका एरवीच्या सुमारे तिप्पट असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामही गंभीर होते. सोळा देशांतील कोविड आणि पक्षाघात एकत्र असलेल्या १७४ रुग्णांच्या नोंदीत ४८ जण दगावले. आणि कोविड नसलेल्या तुल्य रुग्णांपेक्षा त्यांच्या पक्षाघाताची तीव्रताही अधिक होती.

शंभरातील एखाद्याच रुग्णास होणारी ही घटना आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ न आलेल्या, आपल्याकडे येणाऱ्या सौम्य रुग्णांत तर हे प्रमाण याहूनही बरेच कमी असणार. परंतु पक्षाघात हा आपल्या प्रदेशात मुळातच विरळ नाही. मुंबईच्या एका विभागात २००५ आणि २००६ या दोन वर्षांत झालेल्या पाहणीत, पंचवीस वर्षांवरील एक लाख लोकांमागे दरवर्षी १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले आणि त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. मुळात एवढे मोठे असलेले ओझे साथीच्या महिन्यांत आणखी वाढते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शास्त्राच्या दृष्टीने

आपल्या शास्त्राला या घटनेचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. तीव्र ज्वरात ही दोन्ही एकाच वेळी उपस्थित होतात. आम आणि दूषित कफ-रक्त यांमुळे स्रोतसांचा अवरोध होतो. दुसरीकडे संताप, अल्पाहार, स्वेद आणि जागरण यांनी धातू क्षीण होतात. आधुनिक विज्ञान हेच आपल्या परिभाषेत सांगते : संसर्गामुळे रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला दाह होतो, रक्तातील गोठविणारे घटक वाढतात, शरीरातील पाणी व प्राणवायू कमी पडतो आणि कधी हृदयाची लय बिघडून तेथे गुठळी तयार होते. दोन्ही परिभाषा शब्दशः एकमेकींवर बसविण्याचा अट्टहास मी करणार नाही. तसे केल्याने शास्त्राचा मान वाढत नाही. परंतु ज्वरित रुग्णात वातव्याधीची चाहूल घेत राहावी, एवढा बोध दोन्हींकडून सारखाच मिळतो.

ज्वर उतरल्यावरही बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि अतिचंक्रमण वर्ज्य करावे, असे चरकसंहिता सांगते. क्षयामुळे झालेला पक्षाघात सुश्रुताचार्य असाध्य मानतात. ज्वराने खंगलेल्या वृद्धाला जेव्हा पक्षाघात होतो, तेव्हा त्याचे भवितव्य किती कठीण असते, याची ही जाणीव आहे. तापातून उठल्याबरोबर वीटभट्टीवर किंवा शेतावर जाणाऱ्या आपल्या कातकरी आणि ठाकर बांधवांना हा विश्रांतीचा नियम सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण आहे. तरीही तो सांगितलाच पाहिजे.

साडेचार तासांचा हिशेब

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिले लक्षण दिसल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असल्यास नळी घालून गुठळी काढण्याची सोय काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत असते. पण जितका उशीर, तितकी हानी अधिक. मोठी वाहिनी बंद झाली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित मांडले गेले आहे. आणि पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सी. टी. स्कॅन केल्याशिवाय निश्चित सांगता येत नाही. नाडी पाहूनही नाही, आणि रक्तदाब मोजूनही नाही. दोन्हींची चिकित्सा परस्परविरुद्ध असल्याने, स्कॅनपूर्वी ॲस्पिरिनची गोळीसुद्धा देऊ नये.

आता हा हिशेब आपल्या भूगोलावर मांडून पाहू. भीमाशंकरच्या पायथ्याचे खांडस कर्जतपासून तीसएक किलोमीटर. कर्जतहून चौकमार्गे पनवेल आणखी तेवढेच. खोपोलीच्या बाजूच्या रुग्णाला पनवेल किंवा घाट चढून पिंपरी-चिंचवड हे दोन मार्ग. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला आणण्यातच अनेकदा तास जातो. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांनाही पायीच चढून जावे लागले होते. अशा वाड्या आपल्याकडे आणखीही आहेत. रुग्णालयात पोहोचल्यावर तपासणी आणि स्कॅन यांना पाऊण ते एक तास धरावा लागतो. म्हणजे साडेचार तासांपैकी तीन तास, पावसात त्याहूनही अधिक, आपल्या हातात नसतातच. उरलेला तास-दीड तास घरातील माणसांच्या आणि वैद्याच्या हातात असतो. तो कशात जातो?

‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणून तेल चोळण्यात जातो. कोठे कबुतराचे रक्त लावण्यात जातो. ‘झोपून उठल्यावर बरे वाटेल’ म्हणण्यात जातो, जसा माझ्या रुग्णाचा गेला. आणि हे सांगताना संकोच वाटतो, पण कधी कधी तो आपल्यापैकीच कोणाच्या टेबलावर नस्य आणि अभ्यंग यांत जातो.

काय करू नये?

नवज्वरात अभ्यंग, स्नान, दिवास्वाप, गुरू अन्न यांचा निषेध शास्त्राने केलेला आहे. ज्वर चालू असताना पक्षाघात झाला, म्हणून तो निषेध उठत नाही. ज्याचा घास घशात अडकतो आहे, अशा रुग्णाच्या नाकात तेल किंवा तोंडात काढा घालणे म्हणजे ते फुप्फुसात उतरविण्याचा धोका पत्करणे होय. गिळण्याची खात्री होईपर्यंत त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. रक्तदाब वाढलेला दिसला, म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवू नये. अवरुद्ध भागाला मिळणारे उरलेसुरले रक्तही त्यामुळे कमी होते.

ज्वराच्या चिकित्सेतही काही गोष्टी डोळसपणे केल्या पाहिजेत. यष्टिमधु हे कासावरील आपले आवडते द्रव्य. पण अधिक मात्रेत आणि अधिक दिवस दिल्यास ते रक्तदाब वाढविते आणि पोटॅशियम कमी करते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास यष्टिमधुयुक्त काढा पंधरा-पंधरा दिवस देणे योग्य नाही. श्वासासाठी सोमलता वापरताना त्यातील एफेड्रिनचा विचार हवा. अशाच कारणास्तव अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रायुक्त आहारपूरकांवर बंदी घातली. सर्दीच्या आधुनिक गोळ्यांतील फिनाइलएफ्रिनलाही हीच सावधगिरी लागू आहे. आणि ‘ताप आहे तोवर बाकीच्या गोळ्या बंद ठेवा’ असे रुग्णाला कधीही सांगू नये. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद केल्याने ओढवलेले पक्षाघात आपण सर्वांनी पाहिले आहेत.

मधुमेही रुग्णात लंघनाचा विचार स्वतंत्रपणे करावा. दोन वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातील एक वृद्धा तिसऱ्या दिवसाच्या तापात एका बाजूने अशक्त आणि असंबद्ध बोलणारी अशी माझ्याकडे आणली गेली. पक्षाघातच, असे समजून मी १०८ क्रमांकावर गाडी मागविली. गाडी येईपर्यंत साखर तपासली, तर ती अत्यंत कमी होती. उपाशी पोटी मधुमेहाची गोळी चालूच होती. शिरेतून ग्लुकोज देताच दहा मिनिटांत त्या उठून बसल्या. तरीही मी त्यांना पुढे पाठविले. त्यांच्या मुलाला हा नसता खर्च वाटला असेल. मला तसे वाटले नाही. साखर मोजण्याचे यंत्र टेबलावर असणे किती आवश्यक आहे, हे मात्र त्या दिवशी पक्के ठसले.

काही आक्षेप

‘पक्षाघात हा आमचा व्याधी आहे, शेकडो रुग्ण आम्ही चालते केले आहेत,’ असे अनेक ज्येष्ठ वैद्य सांगतात. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे. बस्ती, स्वेद, अभ्यंग आणि स्निग्ध विरेचन यांनी जीर्णावस्थेतील रुग्णाला मिळणारे साहाय्य मीही पाहिले आहे. परंतु जो रुग्ण चालता झाला, तो पहिल्या दिवशी योग्य ठिकाणी पोहोचला असता, तर कदाचित त्याचा हातही वाचला असता. हा विचार आपल्या यशाच्या गणनेत येत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. रुग्ण दुसरीकडे पाठविला, तर समाज म्हणेल की आयुर्वेदाला आत्ययिक चिकित्सा येत नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांत डॉक्टर म्हणून बसणारे बहुसंख्य आपलेच बी. ए. एम. एस. पदवीधर आहेत. आदिवासी भागातील भरारी पथकांतही तेच आहेत. रात्री-अपरात्री रुग्णाला वेळेत पोहोचविण्याचे काम आपलीच मुले-मुली करीत असताना, रुग्ण पाठविण्यात कमीपणा कसला? मर्माघाताच्या प्रसंगी काय करू नये, हे जाणणे हीसुद्धा शास्त्राची आज्ञाच आहे. आणि शिर हे तर त्रिमर्मांतील एक.

आपला काळ कोणता?

आपला काळ दोन वेळा येतो. पहिला पक्षाघातापूर्वी. चाळिशीवरील प्रत्येक ज्वरित रुग्णाचा रक्तदाब, साखर आणि प्राणवायूची पातळी पाहावी. आपण प्रत्येकाची नाडी पाहतो. तीन बोटांखाली ती अनियमित, तालहीन लागली, तर केवळ वातनाडी म्हणून नोंद न करता हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदयाच्या बिघडलेल्या लयीमुळे होणारा पक्षाघात टाळण्याची संधी ज्या वैद्याच्या बोटांखाली रोज येते, त्याने ती दवडू नये. लंघनातही षडंगोदक किंवा साधे कोमट पाणी घोट-घोट चालू ठेवावे. वृद्ध आणि हृद्रोगी रुग्णांना इन्फ्लुएंझाच्या लसीविषयी सांगावे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात लस घेतलेल्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ते केवळ लसीमुळेच, असे निरीक्षणावरून ठाम म्हणता येत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब नाही.

दुसरा काळ येतो तो रुग्ण रुग्णालयातून घरी आल्यावर. ज्वर नाही, रक्तदाब स्थिर आहे, गिळणे निर्धोक आहे, अशा अवस्थेत बलविचार करून अभ्यंग, मृदू स्वेद आणि बस्ती यांची योजना करावी. व्यायामोपचार त्याबरोबरच चालू ठेवावेत. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या स्वतःच्या अधिकारात बंद करू नयेत. त्या चालू असताना गुग्गुळ किंवा लसूण मोठ्या मात्रेत देण्यापूर्वी रक्तस्रावाचा विचार करावा आणि संबंधित डॉक्टरांशी बोलावे. महिनोन्महिने चालणाऱ्या या काळात रुग्णाला धीर देणारा, घरी जाऊन पाहणारा माणूस बहुधा गावचा वैद्यच असतो. येथे आपली जागा कोणी घेऊ शकत नाही.

शेवटी तीन सूचना संघटनेच्या विचारार्थ मांडतो. पहिली : कर्जत, नेरळ, खोपोली आणि चौक येथील वैद्यांनी एकत्र बसून, सी. टी. स्कॅन आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन ही दोन्ही चोवीस तास कोठे मिळतात, याची खात्री करून घ्यावी आणि ती यादी प्रत्येक दवाखान्यात लावावी. ज्या रुग्णालयात यांपैकी एकच आहे, तेथे रुग्ण नेण्यात वेळ जातो. दुसरी : ज्वराच्या प्रत्येक चिठ्ठीवर चार ओळी छापाव्यात : तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे, आणि सुरुवात झाली ती वेळ. यांपैकी पहिल्या तिन्हींतले एक दिसले, तरी वैद्याची वाट न पाहता १०८ फिरवावा. अर्दित की पक्षाघात, हा निर्णयही घरी करू नये. कपाळाला आठ्या पडत असताना तोंड वाकडे होणे, हे बहुधा मेंदूकडे बोट दाखविते. तिसरी : आशा कार्यकर्त्यांशी बोलावे. वाडीवरची पहिली खबर त्यांनाच मिळते.

माझ्या दवाखान्यातील चिठ्ठीवर आता या चार ओळी आहेत. आणि ज्वराच्या रुग्णाच्या घरून दूरध्वनी आला, की मी पहिला प्रश्न विचारतो : ‘त्यांना जरा दूरध्वनीवर द्या, मला त्यांचे बोलणे ऐकू द्या.’ त्या सायंकाळी मी एवढेच विचारावयास हवे होते. इतर वैद्यबंधु-भगिनींवर अशी हळहळ करण्याची वेळ येऊ नये, ही प्रार्थना.